मुक्तानं नाव घेतलं

सुंदरराव मास्तरांच्या ओसरीवर सकाळी इंग्रजीचा वर्ग भरायचा. गावाचं नाव सरकारी कागदावर मोमिनाबाद आणि बायाबापड्यांच्या तोंडी अंबाजोगाई. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतली आणि पोरं घरी मराठी बोलणारी. म्हणजे एक न कळणारी भाषा दुसऱ्या न कळणाऱ्या भाषेतून शिकायची, आणि नापास झालं की बापाचे जोडे खायचे. अशी जोडे खाल्लेली पोरं मास्तरांकडे यायची. मास्तर मराठीतून शिकवत, म्हणून ती टिकायची.

मास्तरांचा जीव दोनच गोष्टींवर होता. एक त्यांची मुलगी मुक्ता आणि दुसरी ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस. इतर मास्तर हा धडा पाठ करून घेत. हे मात्र त्यावर आठ-आठ दिवस रेंगाळत.

"उर्दूत ॲक्टिव्हला म्हणतात मारूफ," ते सांगत. "मारूफ म्हणजे ओळखीचा. पॅसिव्हला म्हणतात मजहूल, म्हणजे ज्याची ओळख न्हाई असा. काम करणारा समोर उभा असला की मारूफ. तो आड गेला की मजहूल. आता म्हणा, राम किल्ड रावण."

पोरं म्हणत.

"फिरवा."

इथं निम्मी पोरं हमखास आपटायची. मराठीत आपण 'रामानं रावण मारला' म्हणतो. तो 'रामानं'मधला 'नं' पोरांच्या डोक्यात बसलेला. मग ती सरळ वाक्यातसुद्धा 'बाय राम' घुसडायची आणि फिरवलेल्या वाक्याची पार भेळ करायची. मास्तर न चिडता पाटीवर नीट लिहून दाखवत. रावण वॉज किल्ड बाय राम. मग ओलं फडकं घेऊन त्यातलं 'बाय राम' पुसून टाकत.

"आता वाक्य पुरं हाय का मोडकं?"

"पुरं हाय, मास्तर."

"रावण मेला का न्हाई?"

"मेला."

"कुणी मारला?"

पोरं पुसलेल्या जागेकडं बघत बसायची. मास्तरांना तेवढंच हवं असायचं.

हे सगळं स्वयंपाकघराच्या दाराआड बसून मुक्तानं ऐकलं होतं. जात्यावर दळता दळता ती वाक्यं फिरवायची. बाहेर एखादं पोरगं अडलं की आतून आवाज यायचा, "वॉज राह्यलं की रं!" पोरं खो खो हसायची आणि केसरबाई, तिची आई, तिच्या पाठीत धपाटा घालायची. मास्तर वरवर रागवत, पण त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त जात. मुलगा असता तर हैदराबादेला धाडला असता, असं ते म्हणायचे. मुलगी होती, म्हणून युसूफ वडगावच्या पलीकडं चिंचवाडीला धाडली. उत्तरेश्वर पाटलांचं घर, चार बैलजोड्या, मुलाचं नाव बद्रीनाथ. मास्तरांनी नशीब काढलं, असं सगळं गाव म्हणालं.

चार वर्षांनी एका चैत्रात मुक्ता माहेरी आली ती डावा हात पोटाशी धरून. हात मोडून दोन महिने झाले होते. कुणीतरी हळदीचा लेप लावून कांबींनी बांधला होता, तो वाकडाच सांधला. मनगटाच्या वर एक बाक आला होता आणि बोटं पुरती मिटत नव्हती.

"कशानं झालं गं?" केसरबाईनं विचारलं.

"मुसळानं."

"आन् मुसळ कुणाच्या हातात व्हतं?"

मुक्तानं आईकडं पाहिलं. आईनंही पुन्हा विचारलं नाही. दोघींना ठाऊक होतं.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच, पण सांगतो. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नकार्यात उखाण्यात घेते तेवढंच, दोन ओळींच्या घडीत गुंडाळून. एरवी घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. एखाद्या ठिकाणी सांगायची वेळच आली, तर शेजारचं कुणीतरी तिच्या वतीनं नाव उच्चारतं आणि ती मान हलवते. केसरबाईचं तर याहून वरताण होतं. नवऱ्याचं नाव सुंदरराव, म्हणून 'सुंदर' हा शब्दच तिनं जिभेवरून काढून टाकला होता. लुगडं आवडलं तर ती 'देखणं' म्हणायची, देवीची पूजा आवडली तरी 'देखणी'. मास्तर थट्टा करायचे, "एकदा म्हण की, मरत न्हाई मी." ती कानांवर हात ठेवायची.

मास्तर मुलीला घेऊन चिंचवाडीच्या पंचांपुढं गेले. मागणं एवढंच होतं की हिला परत नांदायला धाडायचं नाही. मारुतीच्या पारावर पंच बसले. गाव भोवताली बसलं. बद्रीनाथ खांबाला टेकून सुपारी कातरत होता.

"हात कुणी मोडला?" एका पंचानं विचारलं.

"त्येंनी," मुक्ता म्हणाली.

"त्येंनी म्हंजी कुणी? पाटलाच्या घरात चार गडी हायेत."

मुक्ता थांबली. रीतीप्रमाणं आता शेजारच्या कुणीतरी नाव घ्यायचं होतं. तिनं मान वर करून भोवताली पाहिलं. ज्यांनी तिच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या त्या बाया तिथं होत्या. ज्यानं मुसळ हिसकावून घेतलं होतं तो गडी शहादेवही तिथं होता. शहादेव जमिनीकडं बघून काडीनं रेघा मारत बसला. पाटलाच्या मुलाचं नाव पाटलाच्या गावात कोण घेणार?

"बद्रीनाथनं!" मास्तर ओरडले. "बद्रीनाथनं मोडला!"

"मास्तर, तुमी तिथं व्हता का?" पंच म्हणाला. "ज्येनं पाह्यलं त्येनं बोलावं. कावून उगी तोंड घालता?"

मागून कुणीतरी टारगट म्हणालं, "उखाण्यात घे की गं वयनी!" आणि सगळा पार हसला. बद्रीनाथही हसला. मुक्ता मान खाली घालून उभी राहिली. पंचांनी निवाडा दिला. सुनेचा हात मोडला हे वाईट झालं. असं पुन्हा घडू नये. आता तिला नांदायला आणून घालावं.

मास्तर परतीच्या वाटेवर गाडीत एकच वाक्य घोकत होते. हात मोडला. पुरं वाक्य, चूक कुठंच नाही. आमच्याकडं बाई पडते, बाईला लागतं, बाईचा हात मोडतो, बाई विहिरीत सापडते. कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. मास्तरांना जन्मभर पोरांना शिकवलेल्या धड्याची त्या दिवशी शिसारी आली. आपण फडक्यानं पुसायला शिकवलं, लिहायला नाही, असं ते मुलीला म्हणाले. मुक्ता बैलांच्या पाठीकडं बघत राहिली.

मास्तरांनी मुलीला धाडलं नाही. तेव्हा पाटलांनी तालुक्याच्या मुन्सिफाकडं, म्हणजे न्यायाधीशाकडं, दावा लावला की आमची सून बापानं डांबून ठेवली आहे, ती आम्हाला मिळावी. मास्तरांनी मोहनराव वकिलांना गाठलं. मोहनराव पान खाणारे, सावकाश बोलणारे, पण हुशार.

"मुन्सिफसाहेब हैदराबादकडचे हायेत," ते म्हणाले. "त्यांना तुमचं त्येंनी-ह्येंनी कळायचं न्हाई. बाईनं हलफ म्हंजी शपथ घ्यावी, समोर बोट करावं आन् नाव घेऊन सांगावं, ह्यानं मारलं. तसं झालं तर साहेब तिला जबरीनं धाडणार न्हाईत. न्हाई झालं, तर मास्तर, पोरगी गेली म्हणून समजा. ह्या बारीला हात मोडला, पुढच्या बारीला काय मोडंल ते मी सांगत न्हाई."

त्या दिवसापासून वर्ग सुटला की ओसरीवर बाप-लेकीची शिकवणी सुरू झाली. मास्तर समोर बसत आणि म्हणत, "म्हण. बद्रीनाथनं माझा हात मोडला."

मुक्ता तोंड उघडायची आणि मिटायची. पहिले काही दिवस तर नुसता श्वासच बाहेर यायचा. मग एकदा तिनं उखाण्याच्या चालीवर सुरुवात केली, "केजच्या बाजारात घेतलं निळं जोडं, बद्रीनाथरावांचं आलं दारी घोडं..." आणि मध्येच रडायला लागली. मास्तरांनी तिला रडू दिलं. नंतर म्हणाले, "नाव तर आलं. आता उखाणा काढून टाक."

"राव लावू का?"

"राव नको. हात मोडणाराला राव कशाला?"

आतून केसरबाई ऐकत होती. एके दिवशी ती पिठाच्या हातानं बाहेर आली. "आवं, तुमी बाप हाय का कोण? तिचं कुंकू हाय ते! मला काय त्या मेल्याचा पुळका न्हाई. पर नाव घेऊन त्येला काय झालं म्हंजी? मी तुमचं नाव कदी घेतलंय? म्हणून तुमी धड हाय!"

"मी धड हाय ते दूध-भाकरी खातो म्हणून," मास्तर म्हणाले.

"हासा. हासा तुमी," केसरबाई म्हणाली आणि आत गेली.

मुक्ताला मात्र हसू आलं नाही. तिनं बापाला हळूच विचारलं, "आप्पा, खरंच काय व्हत न्हाई ना?"

"काय व्हत न्हाई, मुक्ते. नाव म्हणजे नुसता आवाज. आवाजानं माणूस मरत असता तर निजामाला फौज कशाला लागली असती?"

आप्पांनी सांगितलं म्हणजे खरं. दाराआड बसून ऐकलेलं त्यांचं एकही वाक्य आजवर चुकलेलं नव्हतं. मुक्ता पुन्हा म्हणू लागली. हळूहळू तिला ते जमायला लागलं. एकदा तर तिनं ते इंग्रजीतसुद्धा करून दाखवलं, "बद्रीनाथ ब्रोक माय हँड," आणि स्वतःच चपापून आत पळाली.

तारीख भादव्यात पडली. कचेरीत माणसांची दाटी होती. कचेरीच्या कारकुनानं, पेशकारानं, हलफ दिली. पाटलांच्या वकिलानं विचारलं, "हात पडून मोडला ना, बाई?"

"न्हाई."

"मग?"

मुक्तानं डोक्यावरचा पदर सारखा केला. वाकडा हात पदराबाहेर काढला. बद्रीनाथकडं बोट केलं आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या बद्रीनाथनं माझा हात मोडला. मुसळानं मोडला. मी तुळशीला पाणी घालत व्हते, मागनं येऊन मोडला."

दारातल्या दोन बायांनी तोंडावर पदर घेतला. बद्रीनाथच्या हातातली सुपारी तशीच राहिली. पेशकारानं नाव लिहून घेतलं, आणि मुन्सिफसाहेबांनी दावा काढून टाकला.

परतताना मुक्ता गाडीत आडवी होऊन आभाळाकडं बघत होती. "सोपं हाय की, आप्पा," ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती दाराआड बसली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात बसून पोरांच्या पाट्या तपासू लागली. 'बाय राम' चुकीच्या जागी दिसलं की टिचकी मारायची. मास्तरांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. बिचाऱ्यांना वाटू द्या. फार दिवस वाटणार नव्हतं.

आश्विनात मानमोडीची साथ आली. तुम्ही ऐकलं असेल त्या सालाबद्दल. माणसाला सकाळी ताप भरायचा, मान धरायची, धाप लागायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिरडी बांधावी लागायची. लाकडं संपली. सुताराची दोन्ही पोरं एका दिवशी गेली. मोहनराव वकिलांची बायको गेली, वर्गातली तीन पोरं गेली. लोक प्रेताला खांदा द्यायला भीत होते. कुणी मारलं असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. साथीनं गेला म्हणायचे आणि पुढच्या तिरडीच्या मागं लागायचे.

छबुबाई कासारीण गावोगाव बांगड्या विकायची. वडगावच्या बाजारावरून आली ती सरळ मास्तरांच्या दारात. पण नेहमीसारखी ओसरीवर टेकली नाही. बांगड्यांची टोपली डोक्यावरून उतरवली नाही.

"चिंचवाडीचा बद्रीनाथ गेला," ती अंगणातूनच म्हणाली.

केसरबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मुक्ता पाटी पुसत होती ती तशीच थांबली.

"साथीनं गेला?" मास्तरांनी विचारलं.

"साथ तर समद्यांलाच हाय, मास्तर," छबुबाई म्हणाली. तिनं मुक्ताकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "चिंचवाडीत म्हणत्यात, भर कचेरीत नाव घेतलं आन् महिना न्हाई भरला."

अख्ख्या मुलखात माणसं पटापट मरत होती आणि एकालाही मारणारा नव्हता. फक्त बद्रीनाथला होता. बाईचा हात मोडला तेव्हा कर्ता सापडेना, पारावर चारचौघांत सापडेना. पुरुष मेला की कर्ता घरबसल्या सापडतो, त्याला हलफ लागत नाही की साक्षीदार लागत नाही. मला अजून या गोष्टीचा संताप येतो, पण माझ्या संतापाला कोण विचारतो! मुक्तीनं नवरा खाल्ला, असं आमच्या गावानं ठरवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी झालं.

मुक्तानं स्वतः हातातल्या बांगड्या जात्याच्या दगडी पाळूवर आपटून फोडल्या. कुंकू पुसलं. डाव्या हातातली एक बांगडी त्या बाकाशी अडकली होती, ती फुटेना. तिनं ती तीन-चारदा आपटली. मास्तर पुढं झाले, पण तिनं हात मागं घेतला.

ओसरीवरची पोरं कमी होत गेली. साथ ओसरली तरी ती परत आली नाहीत. सवाष्णी त्या दारावरून जाताना पोरांना पदराखाली घ्यायच्या. पाणवठ्यावर मुक्ता आली की घागरी बाजूला सरायच्या. मास्तर घरोघर जाऊन वाद घालत. सुताराला म्हणाले, "तुझी पोरं कुणी नाव घेतलं म्हणून गेली?" सुतार रडायला लागला आणि मास्तर शरमेनं घरी आले.

हे सगळं मुक्तानं सोसलं असतं. पण घर फिरलं की काय करायचं? केसरबाई मुलीशी बोलेनाशी झाली. एका सकाळी मुक्ता आप्पांना पाण्याचा तांब्या द्यायला पुढं झाली, आणि केसरबाईनं तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"नगं! ह्येंला तू काय देऊ नगंस!"

"माय..."

"कितीदा सांगितलं व्हतं, नगं घेऊ नाव, नगं घेऊ! ऐकलं न्हाईस. खाल्लास त्येला. आता माझं कुंकू तरी ऱ्हाऊ दे!"

एवढं बोलून केसरबाई स्वतःच भिंतीला धरून खाली बसली. पण बोललेलं परत घेता येत नाही. तांब्यातलं पाणी सांडलं होतं ते मुक्तानं उजव्या हातानं पुसलं.

दुपारी मास्तर तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांच्याजवळ दुसरं काय होतं? त्यांनी पाटी घेतली. "हे बघ मुक्ते. बद्रीनाथ डाइड. हे वाक्य फिरव."

मुक्ता पाटीकडं बघत राहिली.

"फिरत न्हाई. इंग्रजीत फिरत न्हाई, मराठीत न्हाई, उर्दूत न्हाई. राम किल्ड रावण फिरतं, कारण तिथं मारणारा हाय. मरण्याला करणारा नसतो, पोरी. माणूस मरतो, बस. तू काय केलं न्हाईस."

"पाटीवर न्हाई फिरत, आप्पा," मुक्ता म्हणाली. "लोकांच्यात फिरलं की."

मास्तरांनी पाटी खाली ठेवली. आणि त्यानंतर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, ती व्याकरणाच्या मास्तराच्याच ध्यानात येणारी होती. मुक्ता 'मी' म्हणेनाशी झाली होती. भाकरी झाली, म्हणायची. पाणी भरलंय. धुणं वाळत घातलंय. जेवलीस का विचारलं तर, जेवण झालं. झोप लागली का, तर, लागली. दिवसभरात तिच्या एकाही वाक्यात ती स्वतः नसायची. मास्तर कान देऊन ऐकत राहायचे, आता येईल, आता म्हणेल. जी मुलगी भर कचेरीत बोट करून उभी राहिली, तिनं स्वतःलाच ओल्या फडक्यानं पुसून टाकलं होतं. त्यांनी ते केसरबाईला सांगितलं. तिनं ऐकलं आणि चुलीत फुंकर घातली.

संक्रांत झाली. या घरी कुणी वाण घेऊन आलं नाही. त्यानंतर दोन-चार दिवसांनी छबुबाई पुन्हा आली. या खेपेलाही ती अंगणातच उभी राहिली. तिच्यामागं बैलगाडी होती आणि गाडीवर शहादेव होता, तोच चिंचवाडीचा गडी.

"भिवराबाईचा निरोप हाय," छबुबाई म्हणाली. भिवराबाई म्हणजे बद्रीनाथची आई. "म्हणली, माझं पोरगं गेलं. घरात दळायला, जनावराचं शेण काढायला माणूस न्हाई. ज्या तोंडानं त्येचं नाव घेतलं ते तोंड हितं आणा म्हणावं, माझ्या डोळ्यासमोर झिजू द्या."

मास्तर खवळून उठले. "कोर्टाचा हुकूम हाय! तिला कुणी नेऊ शकत न्हाई. शहादेव, गाडी फिरव!"

शहादेव खाली बघत म्हणाला, "मास्तर, म्या काय नेत न्हाई. मला धाडलंय."

"तुला मुसळ दिसलं व्हतं! तवा का बोलला न्हाईस?"

शहादेवनं कासरा आवळून धरला.

मुक्ता बाहेर आली. तिच्या काखेत एक गाठोडं होतं. ते कधी बांधलं कुणास ठाऊक. कुंकवाविना तिचं कपाळ फार मोठं दिसत होतं. तिनं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मी जाते, आप्पा," ती म्हणाली.

किती दिवसांनी तो शब्द त्यांच्या कानांवर पडला होता.

"मुक्ते, तुला कुणी पाठवत न्हाई. दावा आपुन जिंकलाय. पोरी, तिथं तुला मारून टाकत्याल."

"मला ठावं हाय कुणी पाठवत न्हाई. मी जाते. मी त्येंचं नाव घेतलं, मी त्येंच्या मायची कूस रिती केली. हितं मी ऱ्हायले तर तुमच्या वर्गाला पोरं येत न्हाईत, माय तुमच्या ताटाला हात लावू देत न्हाई. मी जाते." ती थांबली आणि म्हणाली, "वाक्य बरोबर हाय ना, आप्पा?"

मास्तरांनी खूप शोधलं, पण चूक काढायला एक अक्षर हाती लागलं नाही. त्यांनी तिचा वाकडा हात दोन्ही हातांत धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि गाडीत चढली. शहादेवनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. छबुबाई टोपली सावरत दुसऱ्या गल्लीला लागली. मुक्तानं मागं वळून पाहिलं नाही. वळून पाहण्यासारखं आम्ही तिला ठेवलं तरी काय होतं!

गाडी दिसेनाशी झाल्यावरही मास्तर अंगणात उभेच होते. केसरबाई आतून आली. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तो तिनं का आणला होता हे तिलाही सांगता आलं नसतं.

"पाठवलीत?" तिनं विचारलं.

"न्हाई," मास्तर म्हणाले. "ती गेली."

केसरबाईनं रस्त्याकडं पाहिलं. करंडा हातातून सुटला आणि कुंकू मातीत पसरलं. ते तिनं उचललं नाही.

"गेली न्हाई, सुंदरराव," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. "मी घालवली. म्या माझ्या तोंडानं घालवली."

मास्तरांनी दचकून तिच्याकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं न बघता पुन्हा म्हणाली, "सुंदरराव," आणि पुन्हा, "सुंदरराव," आणि मग पदराचा बोळा तोंडात कोंबून रडायला लागली.

मुक्ता चिंचवाडीतच पुढच्या उन्हाळ्यात वारली. तिला काय झालं होतं विचारलं तेव्हा, ताप आला होता, असं सांगितलं गेलं.

सुंदरराव मास्तर त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.